शनिवारचं वजन

रत्नागिरीत माळनाक्याजवळ महिला मंडळाचा एक कौलारू हॉल होता. रोज सकाळी, नवऱ्याचा डबा आणि मुलांची शाळा यांच्या मधल्या चिंचोळ्या वेळात, तिथे बायकांचा व्यायामवर्ग भरायचा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाईने व्यायाम करायचा म्हणजे काय, असं विचारणारेच तेव्हा गावात जास्त. धुणंभांडी करून पुरत नाही का, म्हणून हसणारे त्याहून जास्त. अशा गावात चंपाबाईंनी हा वर्ग उभा केला, चालवला, वाढवला. त्याचं श्रेय त्यांना आधीच देऊन ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते फारसं गोड नाही.

चंपाबाई मुलींच्या शाळेत कवायत शिकवायच्या. तरुणपणी त्यांनी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी गाजवली होती. सडसडीत बांधा, खणखणीत आवाज, गळ्यात शिट्टी. लग्न केलं नव्हतं. "मला कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही," असं त्या स्वतःच सांगायच्या आणि बायका हसायच्या. वर्गात उशीर चालत नसे, गप्पा चालत नसत, कुरकुर तर मुळीच नाही.

आणि दर शनिवारी वजन!

हॉलच्या कोपऱ्यात एक जुना लोखंडी काटा होता. बंद पडलेल्या भातगिरणीतून मंडळाने तो आणला होता. एके काळी त्यावर तांदळाची पोती चढायची. शनिवारी एकेका बाईने त्यावर उभं राहायचं, चंपाबाईंनी दांडीवरचं वजन सरकवायचं आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडायचा. उतरलं असेल तर टाळ्या. चढलं असेल तर बाईंच्या तोंडून दोन-चार टोले आणि सर्वांसमोर बैठका.

कमळा पहिल्यांदा काट्यावर चढली तेव्हा बाई म्हणाल्या, "काट्याला जुनी ओळख पटली बघा. आलं पोतं!"

सगळा हॉल हसला. कमळाही हसली.

वाचकहो, ज्याच्यावर हसतात तोही अशा वेळी हसतो, हे तुम्ही पाहिलं असेल. आपण समजतो, त्याला लागलं नाही.

कमळा परटवण्याला राहायची. घरात ती आणि सासू हौसा, दोघीच. नवरा रामजी मुंबईत एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला होता आणि गावकऱ्यांच्या खोलीत दाटीवाटीने राहत होता. लग्नाला वर्षं झाली, पण नवरा-बायको म्हणून एकत्र काढलेले दिवस म्हणजे गणपतीचे, शिमग्याचे आणि मे महिन्याच्या सुट्टीतले. मधे एक मूल पोटातच गेलं. त्यानंतर कमळाचं अंग सुटलं ते सुटलंच. विहिरीवरून हंडा घेऊन चढण चढताना तिला दोनदा थांबावं लागे. डॉक्टर म्हणाले, सुनेला जरा व्यायाम करू दे. हौसाने चौकशी केली आणि दिवाळीनंतर तिला वर्गात धाडलं. शेजारणींनी नावं ठेवली तेव्हा हौसा म्हणाली, "माझी सून हाय, मी धाडत्येय. तुमचं काय जातं?"

पण कमळा वर्गात आली ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून नव्हे. खरं कारण दुसरंच होतं आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी गणपतीत रामजी आला तो बातमी घेऊनच. डोंबिवलीला एक खोली मिळायची होती, मे महिन्यापर्यंत ताबा. कमळा तेव्हा त्याला वाढत होती. तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

"म्हणजे मला पण नेणार?"

"नेणार की." रामजीने तिच्याकडे वर बघितलं. "पण जरा बारीक हो गो. तिथं शेजारपाजारच्या सगळ्या ऑफिसात जाणाऱ्या बायका. तुला अशी बघितली तर हसतील मला."

तो रागावून बोलला नाही. चिडवलंही नाही. बोलला आणि पुन्हा भात कालवायला लागला. परतीची एसटी हातखंब्याला पोचेपर्यंत तो हे विसरूनही गेला असेल. कमळा विसरली नाही. बारीक झाले नाही तर इथेच राहायचं, या चढणीवर, हंडा घेऊन, आयुष्यभर, असं तिने मनाशी धरलं. रात्री कूस बदलली तरी तेच, सकाळी चूल पेटवली तरी तेच.

वर्गात महिना झाला तेव्हा तिने धीर करून चंपाबाईंना गाठलं.

"बाई, मे महिन्यापर्यंत होईल ना हो?"

"काय होईल?"

"बारीक व्हायला."

चंपाबाई शिट्टीची दोरी गुंडाळत होत्या. त्यांना शाळा गाठायची होती. मे महिनाच का, असा एक प्रश्न त्यांनी विचारला असता तर ही गोष्ट इथेच वेगळी झाली असती. त्या म्हणाल्या, "तोंड बंद ठेव. होईल."

कमळाने तोंड बंद ठेवलं. दोन्ही अर्थांनी.

सकाळची पेज ती गाईच्या घमेल्यात ओतू लागली. सोमवार तर ती धरतच होती. त्यात गुरुवार आला, शनिवार आला, चतुर्थी आली. हौसा विचारायची, "एवढे उपास कशापायी गो?" कमळा म्हणायची, "नवस बोललेय." नवस म्हटल्यावर सासू काय बोलणार? पोटातलं मूल गेलेली सून देवाकडे काय मागत असेल ते तिला कळत होतं, असं तिला वाटलं. ती गप्प बसली.

थंडी सरली आणि एका सकाळी उड्या मारता मारता कमळा मटकन खाली बसली.

"काय झालं?" चंपाबाई तिथूनच ओरडल्या.

"बाई, डोळ्यांपुढे अंधारी आली."

"अंधारी आळशांना येते. ऊठ! मला नाटकं चालत नाहीत."

कमळा उठली. त्या दिवसानंतर अंधारी आली तरी तिने कधी सांगितलं नाही. खिडकीचा गज धरायची, पायातला काटा काढल्यासारखं करायची आणि पुन्हा रांगेत उभी राहायची.

वजन मात्र उतरू लागलं. दर शनिवारी उतरू लागलं. चंपाबाई आकडा ओरडायच्या आणि स्वतःच टाळ्या पिटायच्या. "बघा! बघून घ्या हिला. ह्या पोतडीचा वेत झाला, आणि तुम्ही? प्रभावती, बँकेत बसून बसून खुर्चीला चिकटलीस तू. शीक काहीतरी हिच्याकडून."

आयुष्यात कमळाचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. त्या टाळ्यांसाठी ती आठवडाभर उपाशी राहू शकत होती. राहतच होती!

हॉलमध्ये एक बाई मात्र टाळ्या वाजवत नव्हती. गंगुबाई. सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली, गुडघ्यांसाठी वर्गाला येणारी. तिने एकदा कमळाचा हात हातात घेतला. हात थंड होता, एप्रिलच्या उकाड्यात.

"काय जेवतेस गो तू?"

"जेवते की मावशी, सगळं जेवते." कमळाने हात सोडवून घेतला.

वर्ग सुटल्यावर गंगुबाई चंपाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "चंपा, त्या पोरीला जरा जवळ घेऊन विचार. तिचं काहीतरी बिनसलंय."

"बिनसलंय? मावशी, वर्गातली सगळ्यांत चांगली बाई आहे ती! एक मेला मंडळाच्या कार्यक्रमात मी तिला स्टेजवर उभी करणार आहे."

"केस गळतायत तिचे. मी तिच्या मागे उभी असते, मला दिसतं."

"मेहनतीला घाबरणाऱ्यांना सगळं दिसतं." चंपाबाईंचा आवाज चढला. "तुम्ही आजारी माणसं सांभाळलीत. मी धडधाकट माणसं घडवते. वर्ग माझा आहे, मावशी."

गंगुबाईने पिशवी उचलली. "वर्ग तुझा आहे. बाया तुझ्या नाहीत," एवढंच म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

मग एप्रिलचा शेवटचा शनिवार आला.

कमळा काट्यावर चढली. चंपाबाईंनी वजन सरकवलं, पुन्हा मागे घेतलं, पुन्हा सरकवलं. दांडी मागच्या शनिवारच्या खुणेवरच थरथरत राहिली. उलट किंचित वरच.

"हे काय? एक मे तोंडावर आलाय आणि वजन चढलं?"

कमळा दांडीकडे बघत राहिली. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. उपाशी शरीर कधीकधी सुजतं, पाणी धरून ठेवतं, हे तिला ठाऊक नव्हतं. चंपाबाईंनाही नव्हतं.

"चोरून काय खाल्लंस? आंबे खाल्लेस ना?"

"नाही बाई."

"काटा खोटं बोलतो? सांग सगळ्यांसमोर, काय हादडलंस?"

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. चंपाबाईंनी बोट दाखवलं, "बैठका काढ!" कमळाने बैठका काढल्या. वर्ग सुटला तशी ती पायऱ्या उतरली. पण घराच्या दिशेने ती वळलीच नाही.

उन्हातून चालत, ठिकठिकाणी बसत ती भाट्याच्या पुलावर गेली. पूल ओलांडून किनाऱ्यावर उतरली. तोवर भर दुपार झाली होती. वाळूवर पाय ठरत नव्हता, सुरूच्या बनात कावळासुद्धा ओरडत नव्हता. चपला काढून तिने बाजूला ठेवल्या, पदर खोचला आणि धावायला सुरुवात केली. तिला त्या वेळी एवढंच कळत होतं की वजन उतरलं पाहिजे. आजच उतरलं पाहिजे. रामजी पंधरवड्यात येईल, खोलीचा ताबा मिळेल, आणि आपण इथेच राहू! ती धावली, पडली, उठली, पुन्हा धावली. घाम यायचा थांबला तरी ती धावत होती.

खाडीच्या तोंडाशी खडकांवरच्या शिंपल्यांतली कालवं काढणाऱ्या बायकांनी तिला दुरून पाहिलं. आधी त्यांना वाटलं, कुणी वेडी असेल. मग ती ओल्या वाळूत पालथी पडली आणि उठली नाही. लाट तिच्या डोक्यावरून गेली तरी उठली नाही. तेव्हा त्या बायका हातातलं सगळं टाकून धावल्या.

गावात बातमी पोचली ती वेगळीच. चंपाबाई शाळा सुटल्यावर बाजारात भाजी घेत होत्या. भाजीवाली शेजारणीला सांगत होती, "व्यायामाच्या वर्गातली बाई गो, परटवण्याची. भाट्याला जीव द्यायला गेली."

चंपाबाई भाजी तिथेच टाकून निघाल्या. त्यांनी रिक्षा थांबवली, पण कुठे जायचं ते सांगता येईना. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं तेव्हा कुठे तोंडातून शब्द निघाला, "दवाखाना."

दवाखान्याच्या बाकावर हौसा बसली होती. शेजारी गंगुबाई. चंपाबाईंना बघून हौसा उठली नाही, ओरडली नाही. चंपाबाईंना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाई," हौसा म्हणाली, "मी तिला तुमच्याकडं बरी व्हायला धाडलेली."



आतून डॉक्टर आले. अंगातलं पाणी पार आटलंय, उपासमारीने शरीर पोखरलंय, नाडी ठिकाणावर नाही, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही, असं म्हणाले. "उपासमार?" हौसा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "माझ्या घरात? रोज भात शिजतो माझ्या घरात, डॉक्टर!" आणि मग तिने कपाळावर हात मारून घेतला. त्या रडण्याने वॉर्डातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

चंपाबाई व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. गंगुबाई मागून आली.

"मी तिच्या भल्यासाठीच करत होते, मावशी."

"ठाऊक आहे मला."

"मला कुणी लाडात नाही वाढवलं. आमचे कबड्डीचे सर शिव्या द्यायचे, छडी मारायचे. म्हणून मी जिल्ह्याकडून खेळले. माणूस असाच घडतो."

"मग कबड्डी का सोडलीस?"

चंपाबाईंनी झटकन वळून पाहिलं.

"पावसाळ्यात तू जिना उतरताना कठडा धरतेस," गंगुबाई म्हणाली. "काय झालं होतं गुडघ्याला?"

चंपाबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "सुजला होता. स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस. तशीच खेळले आणि तो कायमचा गेला. सरांना मी सांगितलंच नव्हतं."

"का?"

"ते म्हणाले असते..." चंपाबाई अडखळल्या. त्यांचा हात भिंतीवर गेला. "म्हणाले असते, नाटकं चालणार नाहीत."

हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. अरे देवा! तेच शब्द! तोच आवाज! ज्या माणसाच्या भीतीने त्यांचा खेळ संपला, त्याच माणसाला त्या इतकी वर्षं स्वतःच्या गळ्यात शिट्टीसारखा बाळगून हिंडत होत्या.

गंगुबाईने त्यांना खाली बसवलं. "ऐक चंपा. शरीर ज्याचं त्याचं असतं. आत काय दुखतंय ते त्यालाच कळतं, आपल्याला नाही. तू कितीही शिकलीस तरी नाही. म्हणून विचारायचं. आणि विचारून भागत नाही; खरं सांगितलं तरी आपला अपमान होणार नाही, अशी खात्री समोरच्याला वाटली पाहिजे. ती पोरगी तुझ्याकडे आली होती ना सांगायला? एकदा तरी?"

"आली होती." चंपाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "अंधारी येते म्हणाली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाने डोळे उघडले. चंपाबाई तिथेच होत्या, घरी गेल्याच नव्हत्या. कमळाची नजर छतावर फिरली, सलाइनच्या बाटलीवर फिरली, मग बाईंवर येऊन थांबली. ओठ चिकटले होते. गंगुबाईने कापसाने ते ओले केले. कमळा बोलली ते इतकं हळू की चंपाबाईंना वाकावं लागलं.

"बाई, मी चोरून नाही खाल्लं."

चंपाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "मला माहीत आहे गो. मला माहीत आहे." सगळ्या गावावर आवाज चढवणारी ती बाई खाटेच्या कडेला डोकं टेकून लहान मुलासारखी रडली.

मग कमळाने सांगितलं. गणपतीतलं बोलणं, डोंबिवलीची खोली, गाईच्या घमेल्यात गेलेली पेज, खोटे नवस, सगळं सांगितलं. चंपाबाईंनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. दाराशी उभी राहून हौसा ऐकत होती.

तार मिळाल्याबरोबर रामजी एसटी पकडून आला. बायकोचा चेहरा बघून तो दारातच थबकला.

"मी... मी सहज बोललो होतो गो," तो कसाबसा म्हणाला.

हौसा उठली. मुलाच्या समोर जाऊन उभी राहिली. "सहज? तू सहज बोललास, आणि माझी पोर वाळूत मरायला पडली! लोक हसतील म्हणून तुला बायको बारीक हवी? अरे, बायको हाय ती! दुकानाच्या काचेत मांडायची बाहुली नाय!"

रामजी खाली मान घालून खाटेशी आला. "खोली मिळाली कमळे. तू आहेस तशी चल. मी चुकलो."

ही हाक ऐकायला तिने किती उपास काढले होते! पण कमळा लगेच हो म्हणाली नाही. ती म्हणाली, "आधी बरी होऊ दे मला. मग मी ठरवीन, कधी यायचं ते." हौसाने पदराने डोळे पुसले. रामजीने मान डोलावली.

इकडे चंपाबाईंनी वर्ग बंद करायचं ठरवलं. मंडळाला तसं कळवायला त्या निघाल्या, तेव्हा गंगुबाईने त्यांना वाटेत गाठलं.

"वर्ग बंद करून काय मिळवशील?"

"माझी लायकी नाही, मावशी. कुठल्या तोंडाने उभी राहू त्यांच्यापुढे?"

"याच तोंडाने. लाज वाटते म्हणून पळतेयस तू. म्हणजे पुन्हा त्यांचं ऐकायचं टाळतेयस! त्या बायांना घराबाहेर पडायला ही एकच जागा आहे. ती मोडू नकोस. सुधार."

एक मेचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. पाहुणे आले, हार झाले, आणि वर्गाची प्रगती सांगायला चंपाबाई उभ्या राहिल्या. गळ्यात शिट्टी नव्हती.

"मी आज तुम्हाला एक बाई दाखवणार होते," त्या म्हणाल्या. "ती दवाखान्यात आहे. तिची चूक इतकीच की तिने माझं ऐकलं. माझी चूक ही की मी तिचं ऐकलं नाही. माझ्या भीतीने तिने दुखणं लपवलं. मी तुम्हा सगळ्यांची क्षमा मागते. काटा उद्यापासून झाकलेला राहील. ज्या बाईला वजन करायचं असेल तिने मला सांगावं, आकडा तिच्या-माझ्यातच राहील. आणि आज मला तुमच्याकडून ऐकायचंय. कुणाला काय दुखतं, काय जमत नाही, माझं काय टोचतं, सगळं सांगा."

हॉल गप्प. पाहुणे चुळबुळले. एकही बाई बोलेना. चंपाबाई उभ्याच होत्या, आणि ती शांतता त्यांना छडीपेक्षा जास्त लागत होती. इतक्या बायका, आणि एकीलाही आपल्याशी खरं बोलायचा धीर होत नाही!

शेवटी मागच्या रांगेतून बँकेतली प्रभावती उठली.

"बाई, मला तुमची भीती वाटते. शनिवारी मला ताप येतो, खरंच येतो. आणि... माझी पाठ दुखते, बाळंतपणापासून. मी कधी बोलले नाही."

"बोललीस ते बरं केलंस," चंपाबाई म्हणाल्या. "अजून कुणी?"

मग एक उठली, मग दुसरी. कुणाला रक्तदाब होता, कुणाचं गर्भाशय काढलं होतं, कुणी सासूच्या धाकाने न्याहारी न करता येत होती. एका बाईला बारीक व्हायचंच नव्हतं; तिला नुसती तासभर घरातून सुटका हवी होती. चंपाबाई एकेकीकडे बघत ऐकत राहिल्या. पाहुण्यांचं भाषण त्या दिवशी झालंच नाही.

श्रावण सरता सरता कमळा वर्गात परत आली. अजून अशक्त होती; डोंबिवलीला कधी जायचं तेही तिने अजून ठरवलं नव्हतं. चंपाबाईंनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "तुला स्वतःला काय हवंय? रामजीला नाही, मला नाही, तुला?" कमळाने विचार केला. "विहिरीवरची चढण न थांबता चढायचीय." मग त्यांनी तेच धरलं. रोज थोडं चालणं, थोडा व्यायाम, आणि वर्गाला येताना पेज खाऊन येणं. सासूने स्वतः वाढलेली पेज.

एके सकाळी सगळ्या बायका हात वर करून उभ्या होत्या. कमळा रांगेतून बाहेर आली.

"बाई, आज मी नाही करणार."

हॉलमधले हात तसेच वर राहिले.

"का गो? काय होतंय?"

"काही होत नाही. आज नको वाटतंय."

चंपाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. सबबही नव्हती. जे होतं ते ती सांगत होती, जसं माणूस आपल्या माणसाला सांगतो.

"बरं. मग बस इथं," चंपाबाई म्हणाल्या, "आणि ह्यांचे हात सरळ आहेत का बघ. माझं लक्ष राहत नाही सगळीकडे." कमळा बाकावर जाऊन बसली आणि वर्ग पुढे सुरू झाला.

वाचकहो, आपल्या गावोगावी आता व्यायामशाळा निघत आहेत, निघायलाच हव्यात. तिथे शिकवणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे की, समोरच्याला वाकवण्याआधी त्याला विचारा. तो कशासाठी आला आहे, कुठे दुखतं, घरून काय खाऊन निघाला आहे. आणि शिकायला जाणाऱ्यांनो, दुखणं गिळून कुणी बलवान होत नाही. गुरूची भीती वाटत असेल तर तेही गुरूला सांगा. जो गुरू तेवढंही ऐकून घेत नाही, त्याच्या हाती आपलं शरीर सोपवू नका. चंपाबाईंना हे शिकायला एका बाईचा जीव पणाला लागला. आपण तेवढी किंमत मोजायची वाट का पाहावी?